फ्लामेंकोची सम कुठं असते? आणि हे खरंच आपल्याकडून गेलंय का?

जॉबर_सोलापूर

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. २६ वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, होतो, आता मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. भजनी मंडळात तबला-ढोलकी वाजवतो. गुरू वगैरे कोणी नाही, हातावर बसलंय तेवढंच. तेव्हा प्रश्न अडाणी वाटला तर हसा, पण उत्तर द्या.

माझा भाचा जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. मागच्या महिन्यात त्यांचं जहाज स्पेनच्या कादिस बंदराला लागलं होतं. फ्लामेंको म्हणतात त्या तिथल्या गाण्याचा, एका बारमधला तीन मिनिटांचा व्हिडिओ त्यानं पाठवला आणि खाली "मामा, हे तुमच्या कामाचं आहे" एवढंच लिहिलं. टेबलाभोवती चार माणसं. वाद्य एकही नाही. एक म्हातारा डोळे मिटून गातोय, सुरुवातच "आऽऽऽय" अशी. मला वाटलं त्याच्या छातीत कळ आली. दोघंजण बोटांची पेरं टेबलावर आपटायलेत आणि चौथा टाळ्या देतोय. टाळी पण सरळ नाही, बाकीच्यांच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत टाळी. शेजारशेजारचे दोन माग थोडे मागंपुढं चालायले की धोट्यांचे खटके जसे एकमेकांत घुसतात, अगदी तसं.

झालं, झोप उडाली. मोजलं तर १२ मात्रा येतात. म्हटलं एकताल असणार. पण १ वर सम धरली की सगळं तिरकं जातंय. ते लोक १० वर येऊन टेकल्यासारखे करतात आणि १२ ला परत उठतात. चाळीस वेळा तरी ऐकलं असेल. बायको म्हणाली, "आता तो म्हातारा जेवायला यायचाच राहिलाय."

दुसरा प्रश्न चहाच्या टपरीवरचा. एकानं फॉरवर्ड दाखवला की हे संगीत राजस्थानातून गेलंय. दुसरा म्हणाला, छे, गाणं रंगलं की ते 'ओले' ओरडतात ते 'अल्ला'च आहे, सगळं अरबांचं. अर्धा तास दोघं भांडले. शेवटी चहावाला म्हणाला, "म्हणजे स्पेनवाल्यांचं काहीच नाही का बे?" मला तोच प्रश्न बरोबर वाटला. जाणकारांनी सांगावं.

मरुधर_प्रेमी

शंभर टक्के आपलंच आहे, शंका नको. रोमा म्हणजे जिप्सी लोक राजस्थानातून गेले. अजूनही पाण्याला 'पानी' म्हणतात. त्यांचं पायकाम बघा आणि कथकचं ततकार बघा. घुंगरू नाहीत एवढाच फरक. आपल्याच लोकांना आपल्या गोष्टीची किंमत नाही.

पांढरी_तीन

काका, मी मूळची सोलापूरचीच, रेल्वे लाइन्सची. आता पुण्यात असते. नऊ वर्षं फ्लामेंको गिटार शिकतेय आणि मध्ये तीन आठवडे स्पेनमधल्या खेरेसला राहून आले. म्हणून आधी समेचं बोलते, मूळ वगैरे नंतर. सम हातात असते, मूळ नसतं.

तुमचा कान बरोबर आहे, फक्त मोजणी आपली लावताय. १ वरून नका निघू, १२ वरून निघा. असं म्हणत टाळी द्या: १२ १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९ १० ११. जोर १२, ३, ६, ८ आणि १० वर, म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन. आपली सम म्हणजे निघायची आणि पोचायची जागा एकच. त्यांच्याकडे निघायचं १२ ला आणि पोचायचं १० ला. ११ ला दम घ्यायचा. तुमच्या भाच्यानं पाठवलेलं बहुधा बुलेरिया, हा फ्लामेंकोचा जलद प्रकार, असणार. कादिस आणि खेरेसच्या बारमध्ये रात्री तेच चालतं. हेच चक्र सावकाश केलं की सोलेआ या दुसऱ्या प्रकाराच्या जवळ येतं. तिथे मोजताना १ पासून मोजतात, पण वजन पहिल्यांदा ३ वरच पडतं.

आणि आता ढोलकीवाल्यासाठी खास गंमत. हेच चक्र ८ वरून सुरू करा: दोन, दोन, तीन, तीन, दोन. ही झाली सिगिरिया, त्यांच्याकडचं सगळ्यात काळं, सगळ्यात जड गाणं. गाडी तीच, तुम्ही वेगळ्या स्टेशनावर चढलात. मला हे कळायला आठ महिने लागले, कारण आमचे सर समजावून सांगत नसत, नुसते टाळ्या द्यायला बसवत. गिटारला पहिलं वर्षभर फारसा हातच लावू दिला नाही.

टाळ्यांचेही दोन प्रकार आहेत. गायक गात असताना तळवे खोलगट करून बुजरी टाळी. नाच किंवा गिटार वर आली की तीन बोटं तळव्यावर मारून खणखणीत. गाण्यावर खणखणीत टाळी दिली की लोक असे बघतात, जणू भजनात मोबाइल वाजला.

आता सुरांचं. घरी पेटी असेल तर पांढरी तीनला सा धरा (माझं नाव त्यावरूनच आहे) आणि काळीला हात न लावता वर जा. भैरवीचे सूर मिळतील. आता म ग रे सा असं सावकाश उतरत सावर या. गिटारवर या चार पायऱ्यांवर चार स्वरमेळ (कॉर्ड) ठेवले की तो फ्लामेंकोचा ओळखीचा उतार झाला. मात्र शेवटच्या सावर येताना गिटारवाला काळी चार दाबतो, म्हणजे शुद्ध गंधार. गायक कोमल गंधारावरून येतो आणि गिटार शुद्ध गंधारानं स्वागत करते. ते घासणंच तुम्हाला आवडलंय, पैज लावते. पण म्हणून ती भैरवी नव्हे. तेच सूर तुर्कस्तानात आहेत, ग्रीसमध्ये आहेत, जुन्या चर्चच्या प्रार्थनांमध्ये आहेत. सूर सारखे दिसले म्हणून सोयरीक जुळत नाही.

कोणाला ऐकायचं विचाराल तर आधी ला निन्या दे लोस पेइनेस ही गायिका (१८९० ते १९६९). तिच्या रेकॉर्डमध्ये खरखर आहे, पण सोडू नका. मग कामारॉन दे ला इस्ला. तो कादिसजवळच्या सान फेर्नांदोचा, घरी लोहारकाम, आणि १९९२ मध्ये ४१ व्या वर्षी गेला. त्याच्याबरोबर गिटारवर पाको दे लुसिया. या जोडीचं सुरुवातीचं, १९७० च्या आसपासचं ऐका. फाटका आवाज हा तिथे दोष नाही. आपल्याकडे जुन्या बैठकीच्या लावणीत आवाज जसा घासून येतो, तसा.

खडू_डस्टर

इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. गाण्यातलं कळत नाही, सालांतलं कळतं. मरुधर_प्रेमी यांच्यासाठी लिहितो, कारण 'शंभर टक्के' हा शब्द दिसला की माझा लाल पेन आपोआप उघडतो.

रोमा लोक भारतातून गेले हे पक्कं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस भाषा तपासणाऱ्यांनी ते दाखवून दिलं आणि अलीकडे जनुकांच्या अभ्यासानंही वायव्य भारताकडे बोट दाखवलं. पण ते इथून विमानानं स्पेनमधल्या सेव्हिलला उतरले नाहीत. इराण, आर्मेनिया, मग ग्रीक भाषिक मुलूख, असं करत कित्येक शतकं गेली. स्पेनमध्ये त्यांचा पहिला लेखी उल्लेख १४२५ चा, आरागॉनच्या राजानं दिलेल्या प्रवासाच्या परवान्यात. तिथे त्यांना खितानो म्हणू लागले, कारण ते इजिप्तहून आले असा समज होता.

आता साधा प्रश्न. गाणं राजस्थानातून गाठोड्यात बांधून नेलं असेल तर हंगेरीतले रोमा तेच का गात नाहीत? ते व्हायोलिन आणि सिंबालोम वाजवतात. रुमानियातले वेगळंच वाजवतात. फ्लामेंको उगवलं ते फक्त स्पेनच्या दक्षिणेला, आंदालुसियात. म्हणजे मातीचा काहीतरी वाटा मानावाच लागेल. तुमच्या चहावाल्याला माझा नमस्कार सांगा.

अरबांचं म्हणाल, तर मुस्लिम सत्ता तिथे ७११ पासून १४९२ पर्यंत होती. ८२२ मध्ये बगदादकडून आलेला झिर्याब नावाचा गवई कोर्दोबाच्या दरबारात मानाला चढला. हे सगळं खरं. पण त्या सत्तेचं शेवटचं राज्य ग्रानादा पडलं १४९२ मध्ये आणि आपण ज्याला फ्लामेंको म्हणतो ते कागदावर स्पष्ट दिसू लागतं एकोणिसाव्या शतकात. मधली साडेतीनशे वर्षं कल्पनेनं भरावी लागतात. 'ओले' म्हणजे 'अल्ला' हे कानाला जुळतं, पुराव्याला नाही. 'फ्लामेंको' या शब्दाचीही तीच गत. स्पॅनिशमध्ये त्याचा सरळ अर्थ फ्लँडर्सचा माणूस. रोहित पक्ष्यालाही तोच शब्द आहे. ब्लास इन्फान्ते नावाच्या आंदालुसियन पुढाऱ्यानं तो अरबी 'फेल्लाह मेंगू', म्हणजे परागंदा शेतकरी, यावरून काढला. व्युत्पत्ती सुंदर आहे. सुंदर व्युत्पत्तीला मी नेहमी निम्मेच मार्क देतो.

खरा वाद तिथल्या लोकांत आहे. आंतोनियो माइरेना हा मोठा खितानो गायक. १९६२ मध्ये कोर्दोबाला त्याला गायनाची सोन्याची किल्ली हा मान मिळाला आणि पुढच्याच वर्षी रिकार्दो मोलिना या कवीबरोबर त्यानं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, हे गाणं खितानोंच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बंद दाराआड जपलं गेलं आणि मग बाहेर आलं. विरोधक म्हणतात, बंद दाराआडचं कोणी पाहिलंय? दिसतं ते एवढंच की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सेव्हिल, कादिस, खेरेसला गाण्याची कॅफे निघाली, तिकडे पैसे देऊन माणसं ऐकायला येऊ लागली आणि धंद्याच्या रेट्यात ही कला घडली. त्या कॅफेवाल्यांतला सगळ्यात नावाजलेला सिल्व्हेरियो फ्रांकोनेत्ती. बाप इटालियन. खितानो नव्हेच. आणि गायक म्हणून खितानोही त्याला मानत.

१९२२ मध्ये संगीतकार मान्युएल दे फाया, कवी लोर्का वगैरे मंडळींनी ग्रानादाच्या आल्हाम्ब्रा किल्ल्यात या गाण्याची स्पर्धा भरवली. कॅफेनं गाणं नासवलं म्हणून व्यावसायिकांना बंदी. बक्षिसं गेली एल तेनासास नावाच्या एका म्हाताऱ्याला आणि मानोलो कराकोल या पोराला. पुढे हाच कराकोल रंगमंचावरचा बडा व्यावसायिक झाला. शुद्धता शोधायला निघालेल्यांचं बहुतेक वेळा असंच होतं.

मरुधर_प्रेमी

सर, म्हणजे आपलं काहीच नाही म्हणायचं का?

पांढरी_तीन

असं कुठे म्हणाले ते? तुमच्यासाठी एक शब्द देते. जुन्या गाण्यांत दुःखाला 'दुकेलास' म्हणतात. खितानोंच्या भाषेतला शब्द आहे, मूळ आपल्या 'दुःख'चंच. खेरेसला एका आजीबाईंनी मला अर्थ विचारला, मी न शिकता सांगितला. त्यांनी हात धरून ठेवला बराच वेळ. पण काळजात गलबललं म्हणून तालाचं मूळही तिथेच आहे असं मला म्हणता यायचं नाही.

आणि कथकचं म्हणाल तर दोन्हीकडे पाय जमिनीवरच आपटतात, तिसरीकडे आपटणार कुठे?

सरांनी एक सोडलं. अमेरिका. कादिस आणि सेव्हिल ही क्युबा-मेक्सिकोला जाणारी बंदरं. तिथून परत आलेल्या चालींना 'जाऊन-आलेली गाणी' असंच नाव आहे. गुलाम आफ्रिकन लोकांचे ठेकेही त्याच वाटेनं आले असं मानणारे बरेच आहेत. आणि ज्या लाकडी पेटीवर बसून वाजवतात, काखोन, ती तर पेरू देशाची. १९७० च्या दशकाच्या शेवटी पाको दे लुसियानं तिकडे पाहिली आणि घेऊन आला. आज ती नसली तर लोकांना फ्लामेंको अपुरं वाटतं. जेमतेम पन्नास वर्षांची परंपरा.

जॉबर_सोलापूर

सगळ्यांचे आभार. दुकान बंद करून दोनदा वाचलं. १२ वरून निघाल्यावर व्हिडिओ एकदम सरळ झाला. मागाची दोरी बसली की कापड कसं सरळ उतरतं तसं. पेटी नाही घरी, मंडळाची आहे, गुरुवारी काळी चार दाबून बघतो.

काखोनचं वाचून नवल वाटलं नाही. आमच्या मंडळातली पेटी तरी कुठं आपली आहे. युरोपातून आली, पाय कापून मांडीपाशी घेतली आणि आता तिच्याशिवाय अभंग होत नाही. सोलापुरी चादरीचंच घ्या. विणणारे पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे, आजे-पणजे तेलंगणातून आलेले. वरची नक्षी जेकार्डवर, ते यंत्र फ्रान्समधलं. सूत कुठलं कुठलं. तरी चादर सोलापूरची नाही असं कोणी म्हणून दाखवावं, अशोक चौकात उभं राहून. त्यामुळं 'कोणाचं' या प्रश्नात मला फार राम वाटेनासा झालाय. आणि तो इटालियन बापाचा सिल्व्हेरियो वाचून आमचा राम जोशी आठवला. सोलापूरच्या भटा-जोश्याच्या घरातला पोरगा, तमाशाच्या नादाला लागला आणि लावण्या अशा लिहिल्या की फडानं डोक्यावर घेतल्या. घरच्यांनी मात्र बाहेर काढलं म्हणतात.

पण खडू_डस्टर सर, एका ठिकाणी तुमच्याशी भांडायचंय. ते बंद दाराचं.

आमच्या सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे. नव्या माणसाला वाटतं साधं कॉलनीचं नाव. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा केला आणि जातीच्या जाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. कैकाडी, पारधी आणि आणखी कितीतरी. पुढं इथं तारेच्या कुंपणात आणून ठेवलं. हजेरी द्यायची, न विचारता बाहेर जायचं नाही. देश १९४७ ला सुटला, ही माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला. माझ्या खात्यात त्या भागातला एक सांधणीवाला होता, वयानं माझ्या वडिलांएवढा. तुटलेलं सूत सांधताना स्वतःशी गायचा. मागांच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही म्हणूनच गायचा, असं मला आता वाटतं. मी जवळ गेलो की थांबायचा. एकदा म्हटलं मामा, भजनाला या की, हे तिथं म्हणा. म्हणाला, "हे घरचं आहे, बाहेरचं नाही." अर्थ विचारला तर "काही नाही" म्हणाला. तो वारला. ते गाणं कुठल्या कागदावर आहे सांगा? उद्या कोणी अभ्यास करायला आला तर लिहील की त्या काळी तिथं गाणं नव्हतं. रेकॉर्डच नाही ना.

तुम्हीच सांगा, स्पेनमध्ये त्या लोकांचं असंच काही झालं होतं का? माझा आपला अंदाज.

खडू_डस्टर

झालं होतं. १४९९ मध्ये पहिला हुकूम, एका जागी स्थिर व्हा नाहीतर देश सोडा. त्यानंतर हुकमांची रांगच. आणि ३० जुलै १७४९ ला एका रात्रीत देशभरातल्या खितानोंना पकडायला सुरुवात झाली. मंत्री एन्सेनादाची योजना. हजारोंना धरलं. पुरुष आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला, बायका-मुलं वेगळीकडे, मुद्दाम वेगळी, वंशच थांबावा म्हणून. शेवटचे सुटायला दीड दशक लागलं.

तुमचा सांधणीवाला मी वाचला. उत्तर लिहायला दोन दिवस लावले, हे खरं. कागद नाही म्हणजे गाणं नव्हतं, असं मी म्हणत नाही. पण त्या घरात नेमकं *काय* गायलं जात होतं हे कागदाशिवाय माइरेनालाही सांगता येणार नाही, आणि त्यानं ते छातीठोक सांगितलं. माझी तक्रार तेवढीच आहे. तुमची तक्रार माझ्यापेक्षा मोठी आहे.

पांढरी_तीन

काका, मार्तिनेते ऐका. तोना या सगळ्यात जुन्या मानलेल्या घराण्यातली गाणी. गिटार नाही, टाळी नाही, एकटा आवाज. त्रियाना ही सेव्हिलमधली नदीपलीकडची वस्ती, तिथल्या खितानोंच्या लोहारशाळांशी त्यांचं नातं जोडतात. रंगमंचावर मागे ऐरणीवर हातोडी वाजवतात. तिथे तुरुंगाचीही गाणी आहेत, गोदीची आहेत.

जॉबर_सोलापूर

ऐकलं. तीन ऐकली, मग बंद केलं.

लहानपणी अक्कलकोट रोडच्या कडेला घिसाडी उतरायचे. माणूस सांडशीत तापलेलं लोखंड धरून फिरवायचा आणि बाई घण मारायची. आम्ही पोरं विळा शेकायला द्यायचं निमित्त करून बघत बसायचो. टपरीवर हे सांगितलं तर लगेच एकजण, "बघ, घिसाडी म्हणजेच स्पेनचे ते!" मी म्हटलं गप बस बे, लोखंड ठोकणारे जगात सगळीकडं आहेत. खडू_डस्टर सर, हे तुमच्याकडून शिकलो.

भाच्याला फोन करून विचारलं, तो म्हातारा कोण होता. म्हणाला, माहीत नाही, गाणं झाल्यावर तो मासे विकायला गेला.

आता अडचण एकच. ११ ला हात मोकळा राहत नाही. रिकामी मात्रा दिसली की भरायची, ही जन्माची सवय. कालपासून २० वेळा चुकलो.

पांढरी_तीन

तिथे माझाही हात अजून पडतो. गड्ड्याच्या जत्रेला जानेवारीत घरी येतेय, गिटार घेऊन येते. दुकानात येऊ का? टेबल तेवढं मजबूत ठेवा.

जॉबर_सोलापूर

ये की. टेबल नाही, मोटारीचं लाकडी खोकं आहे, दहा एचपीचं. त्यावर बसून बघतो. येताना पुण्याचं काही आणू नकोस, शेंगा चटणी इथं मी देतो.